भूल कोण देणार, हे आधी विचारा!

अडीच महिन्यांपूर्वीची गोष्ट. रविवारची वंदना आटोपून आम्ही विहारातून घरी परतलो, तर दारात एक मावशी उभ्या. भायखळ्याच्याच एका चाळीतल्या. महापालिकेच्या सफाई खात्यात उभी हयात गेलेली. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत लेकीचे केसपेपर. ‘‘जयभीम वकीलसाहेब. बुधवारी पोरीचं हार्टचं ऑपरेशन हाय. ह्या कागदावर सही मागत्यात. आधी तुम्ही वाचा, मग मी करते.’’

लेक अठ्ठावीस वर्षांची. लहानपणी वारंवार घसा धरायचा, ताप यायचा, सांधे सुजायचे. दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसे. एकाचा घसा धरला की सगळ्यांचा धरणार. त्या तापाने हृदयाची झडप हळूहळू आकसत गेली आणि आता ती बदलण्याची वेळ आली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नाव बसले होते, त्यामुळे पैशाचा घोर नव्हता. कागद दोन पानांचा, सगळा इंग्रजीत. सर्जनचे नाव पेनने ठळक लिहिलेले. खाली भुलेचा परिच्छेद होता. भुलेतले धोके रुग्णाला व नातेवाइकांना त्यांच्या भाषेत समजावून सांगितले आहेत, असा त्याचा अर्थ. त्याखाली भूलतज्ज्ञाच्या नावाचा रकाना. कोरा!

आम्ही विचारले, ‘‘मावशी, भूल कोण देणार आहे? त्यांनी तुम्हाला काय सांगितलं?’’

‘‘ते काय सांगणार दादा? ते आतमधी असत्यात. झोपेचं इंजेक्शन देत्यात आन् जात्यात.’’

वाचकहो, हा समज एकट्या मावशींचा नाही. आपल्या शिकल्यासवरल्या घरांतही हाच समज आहे. ऑपरेशन ठरले की आपण विचारतो, सर्जन कोण? हात कसा आहे? खर्च किती? भूल कोण देणार, हे कोणी विचारत नाही. आणि दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आम्हाला आमचाच गुन्हा कबूल केला पाहिजे.

२००३ साली आमच्या वडिलांच्या फुप्फुसाचे ऑपरेशन झाले. वडील गिरणी कामगार. १९८२ च्या संपात गिरणी गेली, पुढे वॉचमनची नोकरी केली. आजोबाही गिरणीतलेच. त्या पिढीत साचेखात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता, कारण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि आपला तोंड लागलेला धागा सवर्णांना चालत नव्हता. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला होता. मग आपल्या वाट्याला काय आले? कापसाची धूळ! ती धूळ आणि तो कोंदटपणा घेऊन आमची माणसे जगली. वडिलांना टी.बी. झाला, छातीत पू साचला, फुप्फुसावर जाड साल चढली. ती काढण्यासाठी छाती उघडावी लागली.

ऑपरेशन चांगले झाले. सर्जनने बाहेर येऊन तसे सांगितले आणि ते खरेच होते. पण तिसऱ्या दिवसापासून वडिलांना दुखणे सोसेना. बरगड्यांमधून चिरा, दर श्वासाला कळ. म्हणून ते खोकत नव्हते. खोकत नव्हते म्हणून कफ सुटत नव्हता. कफ आत साचला, ताप चढला, न्यूमोनिया झाला. नवव्या दिवशी ते गेले. सामान आवरताना उशीखालच्या पिशवीत तीन गोळ्यांचे प्लॅस्टिकचे यंत्र सापडले. श्वास आत ओढला की गोळ्या वर चढतात, फुप्फुस उघडते, ते यंत्र. वेष्टनसुद्धा फाडलेले नव्हते! ते कसे वापरायचे हे कोणी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. दुखणे कमी करण्याचा दुसरा काही उपाय आहे का, हेही विचारले नाही. नुकतीच सनद मिळालेले वकील होतो आम्ही. भुलेच्या कागदावर न वाचता सही केली होती ती आमचीच.

त्या रुग्णालयाचे नाव आम्ही इथे घेत नाही. एका रुग्णालयाला दूषण देऊन हा प्रश्न सुटत नाही. तो सगळीकडचा आहे, म्हणून तर हा लेख.

झोपेचे इंजेक्शन नव्हे, जीवाची राखण

भूल म्हणजे नेमके काय, हे आधी समजून घेऊ.

मावशींच्या लेकीची झडप अरुंद झालेली. अरुंद दारातून गर्दीला बाहेर पडायला वेळ लागतो, तसा त्या झडपेतून रक्ताला पुढे सरकायला वेळ लागतो. भूल देताना हृदयाचे ठोके भलतेच वाढले, तर तो वेळ मिळत नाही. रक्त मागे फुप्फुसात तुंबते आणि माणूस आतल्या आत बुडतो. सलाईन जरा जास्त गेले तरी तेच. रक्तदाब अचानक पडला तरी संकट. म्हणजे सर्जनने सुरी हातात घेण्याआधीच, पहिल्या काही मिनिटांत, जीव जाण्याचा धोका असतो. त्या मिनिटांत रुग्णाच्या उशाशी एकच माणूस जबाबदार असतो, तो म्हणजे भूलतज्ज्ञ.

पुढे छाती उघडतात. रक्त गोठू नये म्हणून औषध देतात. रक्त हृदय-फुप्फुस यंत्रातून फिरवतात आणि हृदय थांबवतात. ते यंत्र चालवतो परफ्युजनिस्ट. मनगटाच्या धमनीतल्या नळीतून क्षणाक्षणाचा रक्तदाब, मानेतल्या नळीतून औषधे, अन्ननलिकेतून सोडलेल्या सोनोग्राफीच्या नळीने नव्या झडपेची परीक्षा, शरीराचे तापमान, साखर, लघवी या सगळ्यावर चार-पाच तास भूलतज्ज्ञाची नजर असते. झडप बसली, की हृदय पुन्हा सुरू करून रुग्णाला यंत्रावरून उतरवायचे. ही घडी सर्वांत नाजूक. इथे सर्जन आणि भूलतज्ज्ञ एकमेकांशी बोलत नसतील तर रुग्णाचे काही खरे नाही.

फुप्फुसाच्या ऑपरेशनची तऱ्हा आणखी वेगळी. ज्या बाजूला काम करायचे ते फुप्फुस बंद ठेवून दुसऱ्या एकाच फुप्फुसावर माणूस जगवायचा असतो. त्यासाठी दोन मार्गांची खास नळी श्वासनलिकेत बसवतात. ती बोटभर जरी सरकली तरी ऑक्सिजन घसरतो. म्हणून दुर्बिणीने तिची जागा तपासतात. आणि ऑपरेशननंतरचे दुखणे? पाठीच्या मणक्याजवळ बारीक नळी ठेवून किंवा बरगड्यांच्या नसा बधिर करून ते बरेच कमी करता येते. दुखणे कमी झाले की माणूस खोकतो, उठून बसतो, चालतो आणि न्यूमोनिया टळण्याची शक्यता वाढते. दुखणे मारणे ही चैन नव्हे, तो उपचार आहे. आमच्या वडिलांच्या बाबतीत हे आम्हाला फार उशिरा कळले.

खरे काम तर ऑपरेशनच्या कितीतरी दिवस आधी सुरू होते. रक्त कमी असेल तर ते भरून काढायचे. आपल्या बायाबापड्यांत अंगात रक्त असलेली बाई शोधावी लागते! साखर ताब्यात आणायची. बिडी, तंबाखू, मिश्री काही आठवडे आधी सोडायची. झडप बदलायची असेल तर किडलेला दात आधी काढायचा, नाहीतर दातातले जंतू रक्तातून जाऊन नव्या झडपेवर बसतात. तीन गोळ्यांच्या यंत्राचा सराव ऑपरेशनच्या आधी करायचा, कारण दुखणे सुरू झाल्यावर ते शिकता येत नाही. लक्षात ठेवा, ते फुंकायचे नसते, श्वास आत ओढायचा असतो. या सगळ्यासाठी भुलेच्या डॉक्टरांची आधीची तपासणी असते. आपली माणसे तिला ‘फिटनेस’ म्हणतात आणि तो एक शिक्का समजतात. शिक्का नव्हे हो, निम्मे ऑपरेशन तिथेच होते!

यंत्रालाही गोरा रंग?

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कोरोनाच्या काळात घरोघरी पोहोचला. तो बोटातून प्रकाश पाठवून ऑक्सिजन मोजतो. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील एका नामवंत वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. धमनीतले रक्त काढून केलेल्या तपासणीशी या यंत्राचे आकडे ताडून पाहिले. गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत काळ्या रुग्णांमध्ये ऑक्सिजनची दडलेली घट जवळजवळ तिप्पट वेळा या यंत्राच्या नजरेतून निसटली होती! यंत्र जातीयवादी नसते. पण ते कोणाची बोटे समोर ठेवून पारखले गेले, हा प्रश्न उरतोच.

ओटीत धमनीतले रक्त थेट तपासता येते, म्हणून तिथे हा धोका कमी. वॉर्डात आल्यावर मात्र उरतो तो बोटाचा चिमटा. उन्हातान्हात राबलेल्या काळ्यासावळ्या माणसाच्या बोटावर आकडा बरा दिसत असेल, पण तो धापा टाकत असेल, तर आकड्यावर नव्हे, माणसावर विश्वास ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा. हे प्रत्येक नर्सला आणि प्रत्येक नातेवाइकाला ठाऊक हवे.

चूक माणसाची, बंदोबस्त व्यवस्थेचा

१९७८ साली अमेरिकेत जेफ्री कूपर या अभियंत्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी भुलेतल्या टाळता येण्याजोग्या प्रसंगांचा अभ्यास केला. त्यांतले ८२ टक्के प्रसंग मानवी चुकीचे निघाले. कुठे श्वासाची नळी निसटली, कुठे एकाऐवजी दुसरी सिरिंज हातात आली. यावर तिथे काय केले? डॉक्टरांना फासावर चढवा म्हणाले का? नाही. चूक होणारच हे गृहीत धरून ती वेळीच पकडण्याची व्यवस्था केली. १९८६ मध्ये हार्वर्डच्या रुग्णालयांनी भुलेच्या काळात किमान कोणती देखरेख असलीच पाहिजे याचे नियम छापले. भूलतज्ज्ञाने जागा सोडायची नाही, हा त्यातला पहिला धडा. नळी निसटली की आवाज करणारी यंत्रे आली, बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारी यंत्रे आली.

२००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने १९ मुद्द्यांची यादी दिली. भूल देण्यापूर्वी, चिरा देण्यापूर्वी आणि रुग्ण ओटीबाहेर जाण्यापूर्वी, अशा तीन ठिकाणी थांबून ती मोठ्याने वाचायची. रुग्ण हाच ना? ऑपरेशन हेच ना? ॲलर्जी आहे का? रक्त तयार आहे का? सगळ्यांनी आपापली नावे सांगितली का? आठ देशांतील आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली. त्यात दिल्लीचेही एक होते. मृत्यूचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले, गुंतागुंती ११ टक्क्यांवरून ७ वर आल्या. हा अभ्यास हृदयाव्यतिरिक्त इतर ऑपरेशनांचा होता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण जिथे माणसे जास्त, यंत्रे जास्त आणि धोकाही जास्त, तिथे अशा यादीची गरज जास्तच, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा? एक कागद आणि दोन मिनिटे. याला परदेशी कर्ज लागत नाही!

आमच्या भायखळ्याला हा धडा नवा नाही. इथे १८४५ पासूनचे जे.जे. रुग्णालय आहे. त्याला जोडलेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १९३७ साली माईसाहेब आंबेडकर, तेव्हाच्या शारदा कबीर, एम.बी.बी.एस. झाल्या. बाबासाहेबांच्या नावाचे मध्य रेल्वेचे रुग्णालयही इथेच. त्याच जे.जे.मध्ये १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत भेसळीच्या ग्लिसरॉलने १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने औषध खरेदीपासून अन्न व औषध प्रशासन आणि थेट मंत्र्यांपर्यंतची साखळी उघडी केली. वॉर्डातल्या एखाद्या नर्सवर किंवा निवासी डॉक्टरवर खापर फोडून मोकळे होता आले असते. आयोगाने तसे केले नाही. मृत्यू वॉर्डात होतो, पण त्याची कारणे कित्येकदा फायलीत असतात, हे लेंटिन आयोगाने दाखवले.

कायदा कोणाच्या बाजूने?

आता थोडे आमच्या व्यवसायाचे. भारतातल्या वैद्यकीय हलगर्जीपणाच्या कायद्याचा पाया ज्या खटल्यावर उभा आहे, तो भुलेचाच खटला आहे आणि आपल्या महाराष्ट्रातला आहे. १९५३ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या समुद्रकिनारी एका वीस वर्षांच्या तरुणाची मांडी मोडली. पुण्यात नेले. पुरेशी भूल न देता, नुसत्या मॉर्फियावर, जोर लावून हाड बसवण्यात आले, असे न्यायालयांना आढळले. तरुण दगावला. डॉ. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध डॉ. त्र्यंबक बापू गोडबोले या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये डॉक्टरला जबाबदार धरले. भरपाई तीन हजार रुपये. न्याय मिळायला पंधरा वर्षे लागली आणि लढणारा बाप स्वतः डॉक्टर होता! हमालाचा, झाडूवालीचा मुलगा असता, तर हा खटला उभा तरी राहिला असता काय?

१९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या निकालाने डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली आली. फार चांगले झाले. पण त्यात एक खाच आहे आणि ती आपल्याच लोकांना लागते. जिथे सर्वांना सर्व सेवा फुकट मिळते, ते रुग्णालय ग्राहक कायद्याबाहेर. नाममात्र केसपेपरचे पैसे भरले तरी फरक पडत नाही. जिथे काही जण पैसे भरतात आणि काहींना फुकट मिळते, तिथे फुकटवाल्यालाही तक्रार करता येते. म्हणजे ज्याच्याजवळ दमडी नाही आणि जो सर्वस्वी मोफत दवाखान्यात जातो, त्याला ग्राहक मंचाचे दार बंद! त्याने दिवाणी दावा करावा किंवा कलम २१ घेऊन उच्च न्यायालयात जावे. गरिबाला लांबचा रस्ता, हा या देशाचा जुनाच रिवाज आहे.

खासगी रुग्णालये वेगळी पळवाट काढतात. भूलतज्ज्ञ आमचा नोकर नाही, बाहेरून बोलावला होता, असे म्हणतात. २००४ मध्ये सविता गर्ग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही पळवाट बुजवली. तो खटला नॅशनल हार्ट इन्स्टिट्यूट या हृदयाच्याच रुग्णालयाविरुद्धचा. डॉक्टर पगारी असो की बोलावलेला, उत्तर रुग्णालयाने द्यायचे. समीरा कोहली खटल्यात २००८ मध्ये न्यायालयाने सांगितले, की धोके आणि पर्याय पुरेसे समजावून न सांगता घेतलेली संमती खरी नव्हे. मग मावशींपुढचा तो कोरा रकाना ही काय संमती झाली?

केसपेपरची प्रत मागितल्यावर ७२ तासांत दिली पाहिजे, असे मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत आहे. भुलेची नोंद त्याचाच भाग आहे. किती वाजता कोणते औषध, किती रक्तदाब, किती ऑक्सिजन, सारे त्यात असते. ती मागा. मागायला हक्क आहे, उपकार नव्हे.

पण एक गोष्ट आपल्या लोकांना कडू वाटली तरी सांगितलीच पाहिजे. माणूस दगावला की वॉर्डात तोडफोड करणे, समोर दिसेल त्या डॉक्टराची कॉलर धरणे, हा न्याय नव्हे. ज्याची कॉलर धरली तो बहुधा छत्तीस तास न झोपलेला निवासी डॉक्टर असतो. कदाचित आपल्याच वस्तीतून शिकून वर आलेला. महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने तो अजामीनपात्र गुन्हा आहे. शिवाय त्याने खरा दोषी सुटतो. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाची हकीकत बघा. लुधियानातल्या रुग्णालयात रुग्णाला धाप लागली, ऑक्सिजनचा सिलिंडर आणला, तो रिकामा निघाला! पाच-सात मिनिटे गेली, रुग्ण गेला. न्यायालयाने डॉक्टरवरचा फौजदारी खटला रद्द केला. ऑक्सिजन नसल्याबद्दल रुग्णालय दिवाणी कायद्यात जबाबदार ठरू शकेल, असे म्हटले. रिकामा सिलिंडर डॉक्टरने ठेवला नव्हता. तो वेळेवर न तपासणारी व्यवस्था कोणाची होती, हा प्रश्न विचारायला आपण शिकले पाहिजे.

आपण काय करायचे?

फुल्यांच्या नावाच्या योजनेतून ऑपरेशन होते तेव्हा सर्जन, भूल, औषधे, खाट अशी सगळी मिळून एकच ठोक रक्कम ठरलेली असते. त्या ठोक रकमेत भूल किती वाट्याची, आय.सी.यू.मधली नर्स किती वाट्याची, हे कोणालाच दिसत नाही. जे दिसत नाही ते आधी कापले जाते. पदे रिकामी राहतात, कंत्राटी माणसे येतात-जातात, मॉनिटर बिघडला तर दुरुस्तीचा करार संपलेला असतो. म्हणून नुसते ‘मोफत ऑपरेशन’ ही मागणी आता पुरेशी नाही. ‘सुरक्षित ऑपरेशन’ अशी मागणी हवी.

आमच्या मागण्या साध्या आहेत. संमतीचा कागद मराठी, हिंदी, उर्दूत असावा आणि भुलेची संमती भूलतज्ज्ञानेच, नाव लिहून, समजावून घ्यावी. भुलेची तपासणी आदल्या रात्री खाटेजवळ उरकू नये, आधीच्या तारखेला बाह्यरुग्ण विभागात व्हावी. सुरक्षेची यादी प्रत्येक ओटीत मोठ्याने वाचली जावी. हृदय आणि छातीची ऑपरेशने करणाऱ्या प्रत्येक सरकारी, पालिका आणि धर्मादाय रुग्णालयाने वर्षाकाठी किती ऑपरेशने झाली, तीस दिवसांत किती दगावले, किती जणांना पुन्हा व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले, हे आकडे नावे न देता जाहीर करावेत. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ माहिती आपणहून जाहीर करा असे सार्वजनिक संस्थांना सांगतेच. नाही केली तर दहा रुपयांचा अर्ज आपल्या हातात आहे.

आणि सगळे सरकारवर सोडून चालणार नाही. आपल्या प्रत्येक विहारात दोन-चार शिकलेली मुले-मुली तयार करता येतील, जी रुग्णाबरोबर भुलेच्या तपासणीला जातील. त्यांनी एवढेच विचारावे. भूल कोण देणार, त्यांचे नाव काय? यापूर्वीचे आजार, औषधे, व्यसने त्यांना सांगितली का? रक्त आणि साखर ठीक आहे का? दात तपासला का? ऑपरेशननंतर दुखणे कसे कमी करणार? श्वासाचा व्यायाम कोण शिकवणार? आय.सी.यू.मधून वॉर्डात आल्यावर रात्री कोण बघणार? हे प्रश्न नम्रपणे विचारायचे. चांगला डॉक्टर रागावत नाही, उलट त्याला आधार वाटतो. तथागतांनी आजारी भिक्खूला स्वतःच्या हातांनी धुऊन काढले, आनंदाला बरोबर घेऊन त्याला खाटेवर निजवले, ही कथा आपण वर्षावासात ऐकतो. शुश्रूषा हे हलके काम नव्हे, हाच तिचा अर्थ ना?

आपल्या हुशार मुलांनाही सांगावेसे वाटते. सगळ्यांनाच सर्जन व्हायचे असते. भूलतज्ज्ञ, परफ्युजनिस्ट, ओटी टेक्निशियन, आय.सी.यू. नर्स व्हा. भिंतीवर नाव लागणार नाही, पण ओटीच्या आत आपले माणूस असेल.

मावशींचे पुढे काय झाले? सोमवारी त्या सही न करता परत गेल्या आणि भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंना भेटायचे म्हणाल्या. बाई आल्या. मराठीतच बोलल्या, अर्धा तास बसल्या. तोंड उघडायला लावले तर मागची दाढ किडलेली, आत पू. रक्तही कमी. ऑपरेशन तीन आठवडे पुढे गेले. दाढ काढली, रक्त वाढवले, मुलीला तीन गोळ्यांचे यंत्र शिकवले. मग मावशींनी सही केली. रकान्यात नाव होते. मुलगी आता घरी आहे. जिना चढताना अजून थांबते, पण चढते.

श्रेय आमचे नाही. त्या डॉक्टरबाईंचे आहे, ज्यांना अर्ध्या तासाची सवड मिळाली. ती सवड प्रत्येक रुग्णाच्या वाट्याला यावी, एवढेच मागणे आहे. ती नशिबावर सोडायची नाही, हक्काने घ्यायची आहे.

वडिलांचे ते यंत्र आम्ही अजून टाकलेले नाही. वेष्टन तसेच आहे.

जयभीम!